वही कुणाच्या हातात?

आमच्या चर्चच्या ज्युबिलीची स्मरणिका घरी शोकेसमध्ये ठेवलेली आहे. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत बिशपांचा शुभसंदेश. पुढे आजवरच्या सगळ्या फादरांची नावं, कुणी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होते यासकट. मग घंटा कुणी दिली, बाकं कुणी दिली, फरशी कधी बसवली. शेवटून चौथ्या पानावर एक फोटो आहे. चुलीवर मोठं पातेलं, वाफ आणि पदर खोचलेल्या सहा बायका. उजवीकडून दुसरी माझी आई. फोटोखाली ओळ छापली आहे : ‘महिला मंडळाच्या भगिनी स्वयंपाक करताना.’

नावं नाहीत. मंडळ कधी सुरू झालं ते नाही. सगळ्या स्मरणिकेत मंडळाबद्दल एवढी एकच ओळ.

ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बारावीत होते आणि मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. स्वयंपाक तर त्यांनीच केला होता. जेवण चांगलं झालं होतं, मी दोनदा भात घेतला होता. आता साहित्य शिकताना वर्गात एक सवय लागली आहे : मजकुरात काय आहे ते वाचून झालं की काय गाळलंय तेही बघायचं. त्या सवयीने परवा स्मरणिका पुन्हा उघडली आणि मग हा लेख लिहावासा वाटला.

गाळलेलं काय, ते आधी सांगते.

फेब्रुवारी २०१९. पप्पा टेम्पो चालवायचे. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना हायवेवर अपघात झाला. पाय दोन ठिकाणी मोडला. १९ दिवस बेळगावात दवाखान्यात होते. पहिल्या रात्री आईजवळ किती पैसे होते ते मला माहीत आहे, कारण तिने पर्स माझ्यासमोरच उलटी केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या तीन मावश्या एसटीने आल्या. एकीच्या हातात डबा, एकीच्या हातात आमच्या घराची किल्ली (धाकट्याला शाळेत कोण सोडणार ते त्यांनी आधीच ठरवलं होतं), आणि खजिनदार मावशींच्या पदराला गाठ. गाठीत १३,८०० रुपये.

हे पैसे कुठून आले? मंडळात तेव्हा २३ बायका होत्या. भिशी आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, ती त्यांचीही होतीच. पण भिशीखेरीज दर महिन्याला प्रत्येकीने १०० रुपये ‘अडीनडीच्या डब्यात’ टाकायचे, अशी त्यांची रीत होती. डब्यात त्या वेळी सहा महिन्यांची जमा होती. ती सगळीच्या सगळी त्यांनी आम्हाला उसनी दिली. व्याज नाही, अर्ज नाही, जामीन नाही. महिन्याला ५०० प्रमाणे आम्ही २७ हप्ते फेडले आणि अठ्ठाविसावा ३०० चा. लॉकडाऊनमध्ये पप्पा घरी बसले तेव्हा हप्ता थांबला. कुणी मागितला नाही. वहीत त्या महिन्यांसमोर एकच शब्द आहे : ‘थांबले’.

पप्पा कुबड्यांवर चालायला लागल्यावर एका रविवारी मिस्साच्या शेवटी आभार मानले गेले. ‘आपल्या पॅरिश-कुटुंबाने’ या घराला मदत केली, असं फादर म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. आई खाली बघत होती. खजिनदार मावशी मागच्या बाकावर नातवाच्या शर्टाचं बटण लावत होत्या.

इथपर्यंतची गोष्ट निपाणी-बेळगाव भागातल्या कुठल्याही चर्चमध्ये कुणीही सांगेल. फक्त रकमा बदलतील. बाळंतपण, दहावीची फी, मयत, दारुड्या नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, दोन दिवस चूल न पेटलेलं घर : मंडळाच्या बायकांना हे कळवावं लागत नाही, त्यांना ते आधीच कळलेलं असतं. पुढचं मात्र सगळ्यांना माहीत नसेल.

गेल्या वर्षी डबा बंद झाला. चर्चच्या आवारात जमणारा पैसा चर्चच्या खात्यातच यावा, असं ठरलं. कारण सांगितलं पारदर्शकता. ऑडिट असतं, उद्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं. हे कारण खोटं नाही आणि ते सांगणारी माणसंही वाईट नाहीत. पण आता पैसे हवे असले की अर्ज द्यायचा, समितीची बैठक होईपर्यंत थांबायचं, मग दोन सह्या. समितीत बाया दोन, आणि त्या मंडळाने निवडून दिलेल्या नाहीत. पावसाळ्यात एका सभासद बाईच्या लेकीला शनिवारी रात्री कळा सुरू झाल्या. रिक्षाला आणि दवाखान्यात भरायला पैसे हवे होते. खात्यात पैसे होते, बाईचे स्वतःचेही त्यात होते. पण शनिवारी रात्री सही कोण करणार? शेवटी चौघींनी आपापल्या पर्स उलट्या केल्या.

त्यानंतर मी खजिनदार मावशींना भेटले. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्यांची वही मी बघितली : डावीकडे नाव, मधे रक्कम, उजवीकडे सही नाहीतर अंगठा. दर महिन्याच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली जायची. मावशी रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या. म्हणाल्या, “पैसे खाल्लो काय गं आम्ही?”

त्यांच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. आपल्या पॅरिशमधल्या महिला मंडळांचं काम आपण ‘सेवा’ म्हणून गोड करून टाकतो, आणि त्यामुळे त्या कामाचा पैसा, निर्णय आणि इतिहास हे तिन्ही त्यांच्या हातातून काढून घेणं सोपं जातं. मंडळाची वही मंडळाच्याच हातात राहिली पाहिजे.

आधी निपाणीबद्दल बोलू, कारण या बायका आकाशातून पडलेल्या नाहीत. माझी आजी तंबाखूच्या वखारीत होती. तंबाखू चाळायची, निवडायची, पोती भरायची. डोळ्यात, नाकात, पदरात तंबाखूची धूळ. नंतर गुडघे गेले तेव्हा घरी बसून विड्या वळल्या. पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायचं, हजारावर मजुरी आणि ठेकेदार त्यातल्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढेल त्या फुकट. अनिल अवचटांनी निपाणीतल्या या कामगार बायकांवर लिहिलं आणि मराठी वाचकाला त्यांची ओळख झाली. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन इथे झालं, हायवे अडवला गेला, एप्रिलमध्ये गोळीबारात शेतकरी मारले गेले. ते आपल्याला इतिहास म्हणून माहीत आहे. पण त्याच सुमाराला वखारीतल्या हजारो बायका युनियन करून उभ्या राहिल्या होत्या, आणि दीपा धनराज यांच्या युगांतर या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. हे आपल्या वर्गात किती जणांना माहीत आहे? मलाही दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत नव्हतं, आणि माझी आजी त्याच गावातली.

आजी सांगायची, वखारीत एकीचं पोर आजारी पडलं की बाकीच्या तिच्या वाट्याचं काम उरकायच्या, म्हणजे तिची हजेरी कापली जायची नाही. कुणी त्याला संघटना म्हणत नव्हतं. अडीनडीचा डबा मला त्याच वखारीतून चर्चमध्ये आलेला वाटतो. जपमाळेच्या आधी पैसे मोजायचे आणि जपमाळ झाल्यावर कुणाकडे काय कमी आहे ते बोलायचं, असा मंडळाच्या बैठकीचा क्रम असे. प्रार्थना मराठीत, बँकेचा फॉर्म कन्नडमध्ये, बेळगावहून आलेल्या बाईचं गाणं कोकणीत आणि धर्मप्रांताचं पत्रक इंग्रजीत. हे पत्रक मी वाचून दाखवायचे. एवढ्या भाषांतून वाट काढणाऱ्या बायकांना हिशेब जमणार नाही, असं कुणी कसं समजेल?

आता जरा लांब जाऊ. आईची मावसबहीण सिस्टर आहे, बारा वर्षं टांझानियात होती. लहानपणी माझ्या मनात आफ्रिका म्हणजे ऑक्टोबरातल्या मिशन रविवारच्या डब्यावरचं चित्र होतं. आपण नाणी टाकायची आणि तिकडच्या लेकरांना जेवण मिळायचं. आपण देणारे, ते घेणारे. मावशी सुट्टीवर आली की या चित्राला तडे जायचे. ती सांगायची ते तिथल्या बायकांच्या गरिबीबद्दल कमी आणि त्यांच्या रुबाबाबद्दल जास्त असायचं.

टांझानियातल्या कॅथलिक स्त्रियांची संघटना आहे, तिचं नाव वावाता. १९७२ मध्ये ती उभी राहिली. मावशी सांगते, पॅरिशपासून धर्मप्रांतापर्यंत त्यांच्या स्वतःच्या पदाधिकारी असतात, त्या निवडून येतात, वर्गणी त्यांची, हिशेब त्यांचा, आणि सणाला सगळ्या जणी संघटनेचं नाव छापलेलं एकसारखं कापड नेसून येतात. त्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं कुणालाच शक्य नसतं. बिशप बोलतात, त्याही बोलतात.

दक्षिण आफ्रिकेत याहून जुनी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या काळ्या ख्रिस्ती स्त्रियांचे प्रार्थनासंघ आहेत, त्यांना ‘मान्यानो’ म्हणतात. झोसा भाषेत अर्थ साधारण ‘जोडून घेणं’. बैठक गुरुवारी दुपारी. गुरुवारीच का? कारण गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांना तीच अर्धी सुट्टी मिळायची. मेथडिस्ट बायकांचा वेष ठरलेला : लाल ब्लाऊज, पांढरी कॉलर, काळा स्कर्ट. आठवडाभर मालकिणीचा एप्रन बांधणारी बाई गुरुवारी स्वतःच्या वेषात, स्वतःच्या नावाने हाक मारणाऱ्या बायकांत बसायची. रडायची, प्रार्थना करायची आणि मयतीसाठी पैसे बाजूला काढायची. वर्णद्वेषी राजवटीच्या काळातही हे संघ टिकले.

पूर्व आफ्रिकेत एड्सने घरंच्या घरं रिकामी होत होती तेव्हाचंही एक उदाहरण आहे. युगांडातल्या मसाका धर्मप्रांतात कितोवू हॉस्पिटलने १९८७ मध्ये फिरती सेवा सुरू केली. नर्सची गाडी गावात ठरलेल्या दिवशी यायची. मधल्या दिवसांत रुग्णाला पाणी पाजणं, कूस बदलणं, पोरांना जेवू घालणं हे गावातल्याच स्वयंसेवकांनी केलं, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण बेळगाव-बागलकोट-सांगली हा आपला पट्टासुद्धा त्या रोगाने चांगलाच पोळला आहे. आपल्याकडेही कुणीतरी कुठल्यातरी घरात कूस बदलायला गेलेलं असणार. त्यांची नावं कुठे आहेत?

आणि पैशाचं म्हणाल तर केनियात आपल्या भिशीला ‘चामा’ म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकव्हेल’. मावशीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं. निपाणीची बाई आणि नैरोबीची बाई, एकमेकींचं नावही ठाऊक नाही, आणि दोघींनी बँकेच्या दारात उभं न राहता पैसा उभा करायची तीच युक्ती शोधली.

आफ्रिकेत सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. तिथेही वेदीजवळचे निर्णय पुरुषच घेतात. ज्या मदर्स युनियनचे आज बहुतेक सभासद आफ्रिकेत आहेत, ती अँग्लिकन संघटना मेरी समनर यांनी १८७६ मध्ये इंग्लंडात काढली, आणि तिथे घटस्फोटित बाईला १९७० च्या दशकापर्यंत सभासदच होता येत नव्हतं. बायकांनी काढलेला दरवाजाही कुणातरी बाईच्या तोंडावर बंद होऊ शकतो. आपल्या मंडळांतही हे आहे. कोकणी बोलणाऱ्या कॅम्पातल्या बायका एका बाजूला बसतात, खेड्यातल्या मराठी-कन्नड बायका दुसऱ्या. नवऱ्याला सोडून आलेली बाई दोन-तीन महिने येते आणि मग येत नाही. का, ते कुणी विचारत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचा इतिहास आपल्याला माहीत आहे. देवदासी म्हणून सोडलेल्या बायका घटप्रभेच्या मास या संस्थेत १९९७ पासून स्वतःच एकत्र आल्या, आणि त्यांच्यातल्या सितव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. अशी एखादी बाई उद्या आमच्या मंडळाच्या बैठकीला आली तर तिला कुठे बसवतील? मंडळाचं कौतुक करताना मला हा प्रश्न टाळता येत नाही.

तरीही वही मंडळाच्याच हातात हवी, असं मी म्हणते. चुका करायचा आणि सुधारायचा हक्कही ज्यांचं काम त्यांचाच.

आता सगळ्यांत अवघड आक्षेपाकडे येते. तो समितीचा नाही, माझ्या आईचा आहे.

मी हा लेख लिहिणार म्हटल्यावर ती म्हणाली, “लिहून काय करतीस? देवाला दिसतंय की. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देऊ नये म्हणतात, आणि तू मासिकात छापायला निघालीस.”

यावर माझ्याजवळ दोन दिवस उत्तर नव्हतं. येशूची ती शिकवण मलाही प्रिय आहे. मग वाटलं, ती शिकवण देणाऱ्याने स्वतःला सांगायची आहे. माझी आई ती स्वतःला सांगते, ते तिचं मोठेपण. पण संस्थेने तीच शिकवण पुढे करून देणाऱ्याचं नाव पुसायचं, हे वेगळं. आणि स्मरणिकेत घंटा देणाऱ्याचं नाव छापताना हा डावा-उजवा हात कुणाला आठवला नव्हता.

शिवाय ‘प्रेषितांची कृत्ये’ पुन्हा वाचून बघा. सहाव्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती मंडळीत भांडण होतं. कशावरून? रोजच्या वाटपात काही विधवांना डावललं जातं, यावरून. प्रेषित ती तक्रार देवाला दिसतेय म्हणून सोडून देत नाहीत. सगळ्यांना बोलावतात आणि वाटपासाठी सात जण नेमतात. म्हणजे ख्रिस्तसभेच्या अगदी सुरुवातीच्या कारभारी निर्णयांपैकी एक, बायकांच्या ताटातल्या भाकरीवरून झाला, आणि तो लिहून ठेवला गेला. नवव्या अध्यायात यापो गावची तबिथा वारते तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहतात आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवतात. मला ती जागा फार आवडते. ‘ती फार चांगली होती’ एवढ्यावर त्या थांबत नाहीत. हे बघा, हा सदरा तिने शिवला, हा तिने. हाच त्यांचा पुरावा, हीच त्यांची वही.

नियमांचं म्हणाल तर तेही बायकांच्या विरोधात नाहीत. १९८३ च्या कॅनन कायद्यात २१५ वं कलम श्रद्धावंतांना सेवाकार्यासाठी स्वतःच्या संघटना काढायचं आणि चालवायचं स्वातंत्र्य देतं. ३२५ वं कलम सांगतं की श्रद्धावंतांची खाजगी संघटना आपली मालमत्ता आपल्या नियमांप्रमाणे स्वतः सांभाळते, देखरेखीचा अधिकार मात्र धर्माधिकाऱ्यांकडे राहतो. देखरेख ठेवणं आणि ताब्यात घेणं यांत फरक आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या सिनडमध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. रोममध्ये बाई मत देऊ शकते, आणि आमच्याकडे खजिनदार मावशी स्वतःच्या १०० रुपयांबद्दल मत देऊ शकत नाही, हे कसं?

कुणाला वाटेल, १०० रुपयांच्या डब्यासाठी एवढं कशाला? तर बाहेर काय चाललंय ते बघा. आपल्या भागात घराघरात फायनान्स कंपन्यांची आठवड्याची वसुली आहे. बायकांच्याच नावावर कर्ज, हप्ता चुकला की दारात माणूस. छळ एवढा वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. अशा वेळी ‘थांबले’ हा शब्द लिहिणारी वही किती मोलाची आहे! पप्पांच्या अपघातात आम्ही त्या कंपनीकडे गेलो असतो तर लॉकडाऊनमध्ये आमचं काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही. डबा बंद झाला की बाईला उसने कुठून मिळणार? तिथूनच.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, मंडळाचं खातं मंडळाच्या नावावर असावं. नोंदणी नसलेल्या स्वसहाय्य गटालाही बँकेत बचत खातं उघडता येतं. नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले, आणि ज्या मायराडाच्या कामातून हा विचार पुढे आला ती संस्था आपल्या कर्नाटकातलीच. सह्या मंडळाच्या तिघींच्या असाव्यात आणि हजार-दोन हजार घरात रोख ठेवायची मुभा असावी, शनिवारच्या रात्रीसाठी. वर्षातून एकदा हिशेब सगळ्या पॅरिशपुढे वाचावा. पारदर्शकता हवीच. मंडळाच्या बैठकीत ती दर महिन्याला होतीच.

दुसरी, पॅरिश कौन्सिलवर आणि आर्थिक समितीवर मंडळाच्या प्रतिनिधी मंडळाने निवडून पाठवाव्यात. आर्थिक समिती प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे, असं कॅनन कायद्याचं ५३७ वं कलम सांगतं. तिच्यात कोण बसतं हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

तिसरी मागणी फादरांकडे नाही, समितीकडेही नाही. ती आपल्याकडे, या वाङ्मय मंडळाकडे आहे.

बाबा पदमनजी बेळगावचे. १८३१ मध्ये इथे जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती परीक्षेत लिहितो आणि पाच मार्क घेतो. तिची नायिका फिरते, आणि विधवांची हालत काय आहे ते बघते, ऐकते. आपल्या भाषेतली कादंबरी बायकांची दुःखं ऐकत फिरण्यातून सुरू झाली, आणि सुरू करणारा आपल्या गावचा ख्रिस्ती माणूस होता. याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग आपणही थोडं फिरायला नको का?

या सहामाहीत प्रत्येकाने आपल्या चर्चच्या, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी आपल्या गल्लीच्या, एका तरी महिला मंडळाकडे जावं. चार प्रश्न विचारावेत : मंडळ कधी सुरू झालं, कुणी केलं, पहिल्यांदा कुणाला मदत केली, आणि कुणाला नाही केली. चौथा प्रश्न सोडू नका. उत्तरं बाई ज्या बोलीत देईल त्याच बोलीत उतरवा. ‘मी गेलो, मी दिलो’ असं आपल्याकडच्या बायका म्हणतात, ते पुस्तकी करू नका. आपल्या ई-मासिकाला पानांचा तुटवडा नाही, छपाईचा खर्च नाही. एक विशेषांक सहज होईल.

सुरुवात मी केली आहे. खजिनदार मावशींची वही गेल्या आठवड्यात पानोपान मोबाईलवर फोटो काढून ठेवली, त्यांची परवानगी घेऊन. मंडळ सुरू करणाऱ्या नऊ जणींची नावं पहिल्याच पानावर आहेत. त्यांतल्या चौघी आता नाहीत. नावं मी इथे देत नाही, कारण त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारायचं बाकी आहे, आणि ते विचारणं हेही या कामातच येतं.

स्मरणिकेतला तो फोटो मी आईला दाखवला. म्हटलं, बाकीच्या पाच जणींची नावं सांग, मी मागे पेन्सिलने लिहून ठेवते. ती म्हणाली, “कशाला गं?” मग चष्मा शोधून आणला, खुर्चीत बसली आणि डावीकडून सुरुवात केली. सहाही नावं तिने सांगितली, कुणी किती किलो तांदूळ आणला होता त्यासकट.